खडू हाती देणारा गुरू
(गुरुपौर्णिमेनिमित्त दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गुरुपौर्णिमेला आपण गुरूचे पूजन करतो. परंतु गुरू घडतो कसा, याचा विचार क्वचितच होतो. वैद्यकीचा विद्यार्थी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहू लागतो. तसाच उद्याचा शिक्षक आजच्या शिक्षकाच्या वर्गात उभा राहून घडतो. २०१५पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे राखले गेले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांतून हातात पाठ टाचणाची वही घेऊन वावरणारे छात्राध्यापक आपण पाहतो. त्यांच्या या आठवड्यांचे काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

समजा, इयत्ता आठवीचा वर्ग आहे. तंत्रज्ञानाच्या तासाला साधे विद्युत मंडल जोडायचे आहे. साहित्य अगदी थोडे. दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचा लहान दिवा, एक कळ आणि तांब्याची तार. घरातल्या विजेला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दोन छात्राध्यापकांनी मिळून टाचण काढले आहे. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, सारे रकाने भरलेले. विद्यार्थी-कृतीच्या रकान्यात लिहिले आहे, 'विद्यार्थी दिवा लागल्याचे निरीक्षण करतात.'

मार्गदर्शक शिक्षक वही वाचतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आणि दिवा लागला नाही तर?"

या प्रश्नाचे उत्तर वहीत नाही. खरा पाठ मात्र तेथूनच सुरू होतो. वर्गात एका गटाचा दिवा लागत नाही. सेल नवे आहेत, जोडणी बरोबर दिसते. छात्राध्यापक घाबरतो आणि मुलांच्या हातातून तार घेऊन स्वतः दुरुस्त करू पाहतो. मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक शिक्षक नजरेनेच त्याला थांबवतात. मुले दिवा बदलून पाहतात, सेल उलटसुलट करतात, दुसऱ्या गटाची तार आणून लावतात आणि दिवा लागतो! दोष तारेत होता. मोटारीच्या गुंडाळीची ती तार उघडी दिसते, पण तिच्यावर विद्युतरोधक लेप असतो. टोके खरवडल्याशिवाय वीज वाहत नाही. ही गोष्ट त्या मुलांना जन्मभर विसरता येणार नाही. त्याहून मोठी गोष्ट छात्राध्यापक शिकला. मुलाची अडचण हिरावून घेणे म्हणजे त्याचे शिक्षण हिरावून घेणे.

तास संपल्यावर तिघे एकत्र बसतात. पाठ घेणाऱ्याची पाठ थोपटणे किंवा चुका मोजणे हा त्या बैठकीचा हेतू नव्हे. कोणते मूल कोठे अडले, कोण शेवटपर्यंत गप्प राहिले, पुढच्या तुकडीला हाच पाठ कसा द्यावा, याची चर्चा होते. जपानमध्ये शिक्षकांनी एकत्र पाठ आखणे, एकाने शिकवणे आणि इतरांनी मुलांचे निरीक्षण करणे ही दीर्घ परंपरा आहे. तेथे पाठ सर्वांचा असतो, म्हणून त्यातील उणीवही सर्वांची असते.

आपल्याकडे हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभा केला. तेथून विकसित झालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात शाळेतील मुले आठवड्याचा एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात. शिकवायला गावातील कुशल कारागीरही येतात. त्याआधी, १९३७ साली, वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचे मर्मही हेच. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले, ते याच वाटेने.

आणि आपली शहरे? १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून झाला. डोंबिवलीच्या पूर्वेला कारखान्यांची वसाहत आहे. तरीही पहाटेची लोकल पकडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय घरांत हाताने काम करणे कमी प्रतीचे मानले जाते. मुलाला गुण किती पडले हे आपण विचारतो. त्याने काय बनवले, हे विचारत नाही. ज्या समाजात विश्वकर्मा देव आहे, त्या समाजाने कारागिराला दारातच उभे करावे, ही विसंगती आपली आपणच दूर केली पाहिजे.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आणि शाळाबाह्य कामांचा भार यांत पाठाची संख्या भरते, वहीवर सही होते आणि चर्चा राहून जाते. येथे समाज पुढे येऊ शकतो. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, वायरमन आहेत, फिटर आहेत. मुख्याध्यापकांची अनुमती घेऊन आठवड्याचा एक तास त्यांनी जवळच्या शाळेला दिला, तर नव्या शिक्षकाला आधार मिळेल आणि मुलांना कारागीर गुरुस्थानी दिसेल.

शिष्य आपल्यापुढे जावा, यात गुरूला धन्यता वाटते, असे आपली परंपरा मानते. स्वतःचा वर्ग, स्वतःचा खडू नवख्याच्या हाती देऊन मागच्या बाकावर शांत बसणारा शिक्षक ती परंपरा रोज जगत असतो. यंदाच्या गुरुपौर्णिमेला त्यालाही एक फूल वाहू या; आणि त्याच्या शाळेसाठी आठवड्याचा एक तासही.