उड्डाणातील इंधनाचा हिशेब

(भंडारा येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाच्या या जिल्ह्यात विमानाच्या इंधनाविषयी बोलावयाचे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून, १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यातच होती. आज तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते.

पेट्रोल संपले तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात ती सोय नाही. इंजिन बंद पडलेले विमान दगडासारखे कोसळत नाही, तरंगत खाली येते. पण कोठे उतरावयाचे हे काही मिनिटांत ठरवावे लागते.

म्हणून वैमानिक इंधन लिटरमध्ये भरतो, पण त्याचा विचार मिनिटांत करतो. सेस्ना १५२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान घ्या. त्यात सुमारे ९८ लिटर इंधन मावते. पैकी ९३ लिटरच उपयोगात येते. ताशी २३ लिटर खर्च धरला, तर चार तासांचे उड्डाण. नागपूर ते बिरसी हवाई अंतर अदमासे १३५ किलोमीटर. ताशी १८५ किलोमीटर वेगाने, वारा नसता, ४४ मिनिटे, जाऊन-येऊन ८८. आता ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जाताना ५६ मिनिटे लागतील. परतताना तोच वारा पाठीशी असूनही ३६ मिनिटे लागतात. बेरीज ९२. वारा जाताना जे घेतो, ते येताना पुरते परत करीत नाही. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.

चार मिनिटे क्षुल्लक वाटतील. पण आपल्याकडे तलाव इतके, की वाट चुकलेल्या नवशिक्याला वरून एक तलाव दुसऱ्यासारखाच दिसावा. वैनगंगा किंवा रेल्वेमार्ग दृष्टीस पडेपर्यंत इंधन जळतच असते. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, जमीन पाहून केलेल्या उड्डाणात मुक्कामी पोचल्यावरही दिवसा किमान ३० व रात्री ४५ मिनिटांचे इंधन शिल्लक असावे लागते. हे राखीव इंधन बियाण्याच्या धानासारखे आहे. घर जवळ आले की त्यालाच प्रवासाचे इंधन समजण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते खरा धोका तोच.

मग टाक्या नेहमी काठोकाठ का भरू नयेत? दोन धिप्पाड माणसे बसली, तर लहान विमानाची वजनमर्यादा ओलांडली जाऊ शकते. काट्यावरही विसंबता येत नाही. उड्डाणापूर्वी टाकीत मोजपट्टी बुडवून पाहावी लागते. आणखी एक प्रकार असा, की एका टाकीत इंधन असते, पण ते इंजिनापर्यंत पोचत नाही. तोटी चुकीच्या टाकीवर राहिलेली असते!

हिशेबातील चूक मोठ्यांनाही सुटलेली नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद होते. लिटरचे किलोग्रॅम करताना पौंडाचा गुणक, १.७७, वापरला गेला. योग्य गुणक सुमारे ०.८ होता. त्यामुळे गरजेच्या निम्मेच इंधन भरले गेले आणि दोन्ही इंजिने आकाशातच थांबली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले व सर्वजण वाचले. आपल्या पाचवीच्या वर्गातील एककांचे रूपांतर तेथे चुकले होते.

आपल्या भागात असे विमान उतरलेच, तर ते बहुधा बांध्यांतच उतरेल. उन्हाळ्यात कोरडी बांधी एकवेळ चालेल. पण रोवणीनंतर चिखल असतो, आणि बांधाला चाक अडले की विमान उलटते. पंचायत सदस्यांनी एवढे लक्षात ठेवावे. इंधन संपून उतरलेल्या विमानातही थोडे पेट्रोल व त्याची वाफ राहतेच. म्हणून विडी, कंदील किंवा चुलीचा विस्तव घेऊन कोणी जवळ जाऊ नये. आत कोणी जखमी असल्यास, आग नाही याची खात्री करून त्यास धीर द्यावा. मान-पाठ दुखावली असल्यास ओढून काढू नये. ११२ क्रमांकावर कळवावे, गर्दी दूर ठेवावी, आणि पोलीस येईपर्यंत विमानाचा एकही तुकडा हलवू देऊ नये. टाकीत किती इंधन उरले होते, हे तपास करणाऱ्यांना तेथेच मोजावयाचे असते.