खंड्याला पालखी मिळाली, जोडे नाहीत

(धारूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यकाने दिलेले व्याख्यान)



‘शिकारी कुत्र्याला बूट हवेत का?’ हा विषय संयोजकांचा. पत्रिका वाचून एकानं मला गाठलंच, “डॉक्टर, आमची पोरं अनवाणी फिरतात, अन् तुम्ही कुत्र्याला बूट घालता?” (हशा) घालत नाही. तेच सांगायला आलोय.

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. सशामागं कुत्रं सोडणं हीसुद्धा त्यात शिकारच. हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसल्यासारखं दाखवणारे दोघं-तिघं मला इथून दिसतात. (हशा) पुढं जाऊ.

म्हणजे प्रश्न शिकारी जातीचा उरला, आणि ती जात आपल्या दारात आहे : कारवानी. निमुळतं तोंड, खपाटीला गेलेलं पोट, लांब पाय. मुधोळचा कुत्रा हा त्याचाच भाऊबंद. मुधोळवाल्याचं २००५ साली टपाल तिकीट निघालं. आपला अजून उकिरड्यावर. पहिल्या रांगेतल्या लॅब्रेडॉरवाल्यांनी रागावू नये. तुमचं कुत्रं गुणी आहे, फक्त ते या मुरमावर घडलेलं नाही.

आता पाय. कुत्रा बोटांवर चालतो. मागच्या पायात उलटा गुडघा दिसतो ना, ती त्याची टाच. जमिनीला टेकतात त्या बोटांच्या चार गाद्या आणि मधली मोठी. वरून जाड कातडं, आत चरबी. उडीचा दणका तिथंच जिरतो. भरधाव वळताना बोटं फाकतात, नखं मुरमात रुततात. तळव्याला घाम येतो, पण अंगातली उष्णता कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच काढतो. म्हणून बुटानं कुत्रा तापून मरेल, असं मी म्हणणार नाही. मात्र बंद बुटात तळवा ओला राहतो, पट्टा अंगठ्याच्या नखाला घासतो आणि फाकायची बोटं आवळली जातात. पळणाऱ्याचं निम्मं बळ तिथंच गेलं.

मागून कुणीतरी म्हणालं, बैलाला पत्री मारता, मग? मारतो. ऊसतोडीचा बैल भरल्या गाडीला जुंपून डांबरी रस्त्यावर चालतो, खूर झिजतो. खूर म्हणजे नखच, त्यात खिळा ठोकता येतो. गादीत कुठं ठोकू?

दुसरं कुणी मोबाईल दाखवतंय. अलास्का! ठीक. तिथं १९७३ पासून इडिटारॉड नावाची बर्फावरची शर्यत होते आणि प्रत्येक कुत्र्यामागं आठ कापडी मोजे जवळ ठेवावेच लागतात. बोटांच्या बेचक्यात बर्फाचे गोळे धरतात म्हणून. मान्य. धारूरच्या घाटात बर्फ पडला की मोजे मी आणून देतो. (हशा) झुरिचच्या पोलिसांनीही २०१८ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांना बूट घातले. तापल्या डांबरावर ड्यूटी असेल तर घालावेत. तुमच्या कुत्र्याला बारा वाजता ड्यूटी कुणी लावलीय? पहाटे फिरवा.

कुत्र्याच्या लाडावरून खंड्या आठवला. साताऱ्याच्या छत्रपती शाहूमहाराजांचा कुत्रा. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी आहे, वर दगडी कुत्रा बसलेला. शिकारीत वाघ आला तेव्हा या कुत्र्यानं महाराजांना सावध केलं, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखी दिली, जहागीर दिली म्हणतात. लोक माहुलीला देवळं बघतात आणि परततात. मी आधी खंड्याकडं जातो. आता विचार करा, ज्याला पालखी देता येते त्याला मखमलीचे जोडे देणं किती अवघड? पण जोड्यांचं कुणी सांगत नाही. (आवाज : पालखीत बसल्यावर जोडे कशाला?) वा! हे आपल्या मुद्द्याच्या विरुद्ध जातंय, तरी टाळ्या द्या. (हशा, टाळ्या) पालखी हा मान झाला, पायाला औषध नव्हे, एवढं तरी...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? दोन! बरं.

तर कामाचं. पळून आलेल्या कुत्र्याचा पंजा रोज हातात घ्या, बोटं फाकवून बघा. सराटा दिसतो, काढता येतो. कुसळ वाईट. ते आत शिरलं की पुढंच सरकतं आणि भलतीकडं पू धरतं. कानात, नाकातही जातं. तिथं कुठला बूट घालणार? पिल्लाला हळूहळू मुरमावर फिरवा, तळवा तयार होतो. महिनाभर साखळीला बांधून एके दिवशी दगडावर पळवलात तर सोलणारच. तळवा फाटला तर बूट जरूर घाला : त्याच एका पायाला, मलमपट्टीवर, जखम भरेपर्यंत, आणि घरी आल्यावर काढा.

उरलेले पैसे कारवानीच्या खाण्यावर घाला. नर-मादी जातिवंत बघून जोडी लावा, नाहीतर ही जात आपल्या डोळ्यांदेखत...

अध्यक्ष उभेच राहिले. ज्यांच्या दारात कारवानी असेल त्यांनी मला खाली भेटा. बूट विकायचे असतील त्यांनी अध्यक्षांना! (हशा, टाळ्या)