स्टीव्ह ब्लूमर

इंग्लंडमधील डर्बी कौंटी संघांत १८९२ सालीं अठरा वर्षांचा एक तरुण दाखल झाला. वर्ण फिका, अंग सडपातळ. धक्काबुक्कीच्या या खेळांत त्याचा निभाव कसा लागणार, असें कोणासही वाटावें. परंतु चेंडू पायाशीं येतांच स्टीव्ह ब्लूमर नेम धरण्यासाठीं थांबत नसे. गोलरक्षक सांवरण्यापूर्वींच फटका बसलेला असे. इंग्लंडतर्फे २३ सामन्यांत त्यानें २८ गोल केले, लीगमध्यें ३५२. तरीही पैशाची चणचण भासतांच १९०६ सालीं डर्बीनें त्याला मिडल्सब्रो संघास विकलें, आणि चार वर्षांनीं परत आणलें.

१९१४ च्या जुलैमध्यें तो फुटबॉलचा शिक्षक म्हणून बर्लिनला गेला. कांहीं आठवड्यांतच महायुद्ध पेटलें, आणि रूलेबेनच्या घोडशर्यतीच्या तबेल्यांत हजारों ब्रिटिश नागरिकांबरोबर तोही स्थानबद्ध झाला. जो खेळ आजवर पोटासाठीं खेळला, तोच तेथें बंदिवानांचा विरंगुळा ठरला. चाळिशीचा ब्लूमर पुन्हां मैदानांत उतरला.

सुटकेनंतर त्यानें स्पेनमधील इरूनच्या संघाला शिकविलें. १९२४ सालीं त्या संघानें राष्ट्रीय चषक जिंकला. १९३८ सालीं डर्बी येथें त्याचें देहावसान झालें. ज्या संघानें त्याला एकदां विकलें, त्याच्याच मैदानालगत २००९ सालीं त्याचा अर्धपुतळा बसविण्यांत आला.