काटापट्टी घेतलीत का?

अजिंठ्याकडं रास्ता रोको काही नवा नाही. कधी मक्याला भाव नाही, कधी वीज नाही, कधी आरक्षण. 1 सप्टेंबर 2023ला अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा तर मराठवाडाभर रस्ते अडले. शांततेनं, बिनहत्यारी जमायचा हक्क घटनेच्या 19व्या कलमानं दिलाय, हे तुम्ही जाणता. जमावबंदीही जाणता, जुनं 144 कलम 1 जुलै 2024पासून 163 झालं, इतकंच. मला बोलायचंय ते पोलिसांच्या गाडीत बसवल्यानंतरचं.

सिल्लोडला मक्याची ट्रॉली काट्यावर चढवली, की काटापट्टी घेतल्याशिवाय हलता का तुम्ही? तारीख बघता, वजन बघता, चार किलो कमी भरलं तर काटेवाल्याशी हुज्जत घालता. आणि ठाण्यात मात्र कागद न बघताच सही ठोकून मोकळे! अहो, अटकेचीही पट्टी असते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं बजावलंय. तारीख, वेळ, घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, मग तुमची सही. आधी विचारा, "साहेब, अटक आहे की नुसतं ताब्यात? कारण काय?" आवाज न चढवता विचारायचं.

वेळेवर एवढा जोर का? तर प्रवास वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावंच लागतं. दुपारी बाराला उचललं आणि कागदावर संध्याकाळचे सहा पडले, तर सहा तासांची घट कुणी खाल्ली? मक्याची घट चालत नाही, मग ही कशी चालते? म्हणून म्हणतो, वेळ वाचा.

वकिलाला भेटायचा हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. 15100 वर फोन लावा. बायकांना सूर्यास्तानंतर अटक करायची, तर अपवाद म्हणूनच, तीही महिला अधिकाऱ्यानं, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. यावर खरं तर एक वेगळं भाषणच...

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. भराभर सांगतो. लेकरं नेऊ नका. रुग्णवाहिकेला वाट द्या. दगड उचलणाऱ्याच्या शेजारी थांबू नका. घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाइल हातातून गेला की बायकोचाही नंबर आठवत नाही. आणि पुन्हा एकदा, आधी वेळ वाचा, मगच सही करा.