कासवाच्या पिल्लाला ऊन हवं



ॲक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं,
डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासवाचं पिल्लू
हल्ली बऱ्याच घरांत दिसतं.
त्याला पाणी हवं, आणि ऊनही हवं.

टाकीत पाण्याच्या वर येईल असा सपाट दगड ठेवा.
पिल्लू त्यावर चढतं.
मान ताणतं, मागचे पाय पसरतं,
आणि अंग पूर्ण कोरडं करतं.

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन पुरत नाही.
काच त्यातले उपयोगी अतिनील किरण अडवते.
ते मिळाले नाहीत, की कवच मऊ पडतं.
म्हणून सकाळचं ऊन थेट मिळू द्या.
बाजूला सावली ठेवा,
आणि कावळ्यांकडे लक्ष असू द्या!

पुन्हा सांगते.
पाणी हवं, आणि ऊनही हवं.

खायला कासवांचे दाणे आणि थोडा पाला.
पोळी-भात नको.
पाणी वरचेवर बदला.
कासवाला हात लावला, की साबणाने हात धुवा.
मुलांचेही धुवा.

हे पिल्लू ताटलीएवढं वाढतं,
वीस-तीस वर्षं जगतं.
कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका.
ते परदेशी आहे.
आपल्या कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं.

आणि देशी कासव?
ते पाळूच नका.
१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.
सापडलं, तर वनविभागाला कळवा.