मूठ डब्यातून काढा, ताटातून नको

आज आपण बोलणार आहोत पोटाला चिमटा घेऊन केलेल्या दानाबद्दल. दान म्हटलं की वाटतं, ज्याच्याकडं जास्तीचं आहे त्यानं ते करावं. पण आपल्या महाराष्ट्रात मोठमोठी कामं मूठमूठ धान्यावर उभी राहिली आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची गरीब मुलं तिथं एका पंगतीला जेवायची. त्यांच्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आणि घरोघरच्या बायांनी मुष्टिफंड चालवला. रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते मुलांसाठी द्यायचं. त्या मुठींवर कितीतरी पोरं शिकली.

आपल्या संभाजीनगरातही असं काम झालं. २०१५ साली बायजीपुऱ्यात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. घरात पोळ्या लाटताना दोन जास्तीच्या लाटायच्या, सोबत भाजी द्यायची, आणि भुकेल्यानं ती मागायला लाजायचं नाही, अशी ती रीत.

आता खरी गोष्ट सांगतो बायांनो. घरात काटकसर करायची ठरली की पहिली भाकरी कुणाच्या ताटातली कमी होते? आपल्याच. आपण सगळ्यांना वाढून शेवटी बसतो. भाजी उरली तर उरली, नाहीतर ठेचा आणि पाणी. वर आपल्याला चतुर्थी आहे, एकादशी आहे, गुरुवार आहे. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागं ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईनं आणखी एक घास सोडून दान केलं तर त्यात पुण्य कसलं? उद्या तिच्यासाठीच वर्गणी काढावी लागेल.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं, मूठ डब्यातून काढायची, ताटातून नाही. दळण काढतानाच, घरातल्या सगळ्यांच्या देखत. म्हणजे ती घराची मूठ होते, एकट्या बाईची राहत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा असं देशाला सांगितलं, तेव्हा आधी स्वतःच्या घरात सगळ्यांकडून ते करून घेतलं. तसंच हे.

हिशेब सोपा आहे. ज्वारीची एक मूठ साधारण ५० ग्रॅम भरते. महिन्याची दीड किलो. १२ घरांची १८ किलो. किलोला ३० रुपये धरले तरी ५४० रुपये झाले. रेशनचं धान्य मात्र यात घ्यायचं नाही, कारण ते विकता येत नाही. जिच्याकडं शेत नाही, तिनं धान्य देऊच नये. ती गोळा करायला, निवडायला हात लावते, तेही दानच.

आणि स्वस्त खायचं म्हणजे कमी खायचं नव्हे. दोन पोरांना रोज पाच-पाच रुपयांचा पुडा घेतला, तर महिन्याला ३०० रुपये जातात आणि अंगी काही लागत नाही. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्या. बांधावरचा तांदुळजा, शेवग्याचा पाला, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, जवसाची चटणी, हे आपलं जुनंच खाणं आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, म्हणजे भाजीतलं लोह अंगाला लागतं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, औषध चालू असलेली, यांनी दानासाठी उपास अजिबात धरू नये.

जमलेल्या पैशाचं आम्ही काय करतो? गावातल्या एकट्या बाईला घाटी दवाखान्यात न्यायचं असलं तर गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बाहेरून आणायची औषधं. वहीत रक्कम लिहितो, दोघींच्या सह्या घेतो. कुणाला दिलं हे गटात माहीत असतं, पारावर त्याची चर्चा होत नाही. घेणारीची मान खाली जाता कामा नये.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आधी एक प्रश्न सगळ्यांनी एकमेकींना विचारा : काल रात्री तू काय जेवलीस? उत्तर खरं द्या. जी अर्धपोटी असेल तिचं ताट आधी भरा, आणि मग मडकं ठेवा.