गेलेल्या रोगाची लस

बंगळूरच्या बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम या भागांतून सकाळी फेरफटका मारणाऱ्या माणसाला तेथील जुने सरळ रस्ते आणि झाडांची सावली पाहून प्रसन्न वाटते. या वसाहती भरभराटीला येण्यामागे एका भयंकर साथीचा हात आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. १८९८ साली या शहरात प्लेग शिरला, जुन्या पेठांतील दाटीवाटीच्या गल्ल्या ओस पडू लागल्या, आणि आधीच आखून ठेवलेल्या या मोकळ्या वसाहतींकडे लोकांचा ओढा वाढला. प्लेगअम्माचे देऊळ आजही या शहरात पाहावयास मिळते. तेथे दिवा लागतो. पण ज्या भयापोटी त्या देवीची स्थापना झाली, ते भय मात्र कोणाच्या मनात उरलेले नाही.

रोग गेला की त्याची आठवण जाते, हा मनुष्यस्वभावच आहे. पोलिओच्या बाबतीत मात्र हे विस्मरण महाग पडण्याजोगे आहे. भारतात निसर्गातील पोलिओ विषाणूने पंगू केलेले शेवटचे मूल १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळले, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. आज पंचविशीतल्या बहुतेक मातांनी पोलिओ झालेले मूल पाहिलेलेच नाही. त्यांनी विचारले की, रोगच उरला नाही, मग थेंब कशाला, तर तो प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावता येणार नाही. सरकारी कचेरीत चांगल्या शिकल्यासवरलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडूनही मी तो ऐकला आहे.

प्रथम रोग कसा होता ते आठवू. चाकाच्या खुर्चीवरून खेळून देशोदेशींची पदके मिळविणाऱ्या आणि पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या मालती होळ्ळा या बंगळूरच्याच. त्यांचा जन्म १९५८ सालचा. वर्षाच्या असताना ताप आला आणि शरीर लुळे पडले. मग वर्षानुवर्षे उपचार आणि शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. त्यांच्या कर्तृत्वाला आपण टाळ्या देतो, पण एक तारीख विसरतो. साल्क यांची लस परिणामकारक असल्याची घोषणा अमेरिकेत १२ एप्रिल १९५५ रोजी, म्हणजे या मुलीच्या जन्माच्या तीन वर्षे आधीच झाली होती. लस जगात असणे आणि ती आपल्या दाराशी पोहोचणे यांत केवढे अंतर असते! माझ्यासारख्या प्रशासनातील माणसाचे सारे काम त्या अंतरातच चालते. आणि ते फत्ते झाले की कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, कारण जे घडलेच नाही त्याची फाईल कोण उघडणार?

आता मुख्य मुद्दा. देवीचा रोगी चेहऱ्यावरून ओळखू येत असे. म्हणून रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचणे शक्य झाले, आणि १९७५ साली देवी या देशातून गेली. पोलिओचे तसे नाही. त्याचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यांत वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडून दूषित पाण्यातून व हातांतून दुसऱ्या मुलाकडे जातो. संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एखादेच लुळे पडते. बाकीची थोडा ताप येऊन, किंवा काहीही न होता, हसतखेळत विषाणू पसरवीत राहतात. गल्लीत एक मूल पंगू झाले असे कळते, तेव्हा विषाणू सारा मोहल्ला हिंडून आलेला असतो. रोग दिसल्यावर लस देऊ, हे येथे चालत नाही.

आणि तो अजून जगात आहे. पाकिस्तान व अफगाणिस्तानातून तो हटलेला नाही. २०२२ साली न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेला एक तरुण पंगू झाला. थेंबांतील दुर्बल केलेला जिवंत विषाणूही, जेथे लस घेतलेली मुले थोडी असतात तेथे, दीर्घकाळ फिरत राहिला तर क्वचित पुन्हा बळ धरतो. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही; मेघालयात २०२४ साली लसजन्य विषाणूचा एक रुग्ण आढळलाच. म्हणूनच २०१५ च्या अखेरीपासून थेंबांच्या जोडीला मृत विषाणूची सुई देण्यात येऊ लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. पण या विषाणूचे खरे कुरण लस न घेतलेली वस्ती हेच होय.

अशी वस्ती बंगळुरात शोधायला दूर जावे लागत नाही. जेथे टोलेजंग इमारत उठते, तेथे तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या उठतात. रायचूर, कलबुर्गी, बिहार, ओडिशा येथून आलेली कुटुंबे काही महिने राहतात आणि काम संपताच दुसरीकडे जातात. मुलाचे लसीचे कार्ड गावीच राहते. कर्नाटकात २००३ साली पोलिओने पुन्हा उचल खाल्ली होती, हे विसरून चालणार नाही. पल्स पोलिओच्या मोहिमेत बर्फाची पेटी खांद्याला लावून सेविका अशा वस्त्यांवर जातात, थेंब दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावतात आणि दारावर खडूने खूण करतात. ज्या खोलीला दारच नाही तिच्यावर खूण कोठे करावी, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. ते त्यांचे त्यांनाच शोधावे लागते.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार थेंब जन्मताच, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, व पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाचे असतात. सुई सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर लगेच सरकारी दवाखान्यात कळवावे. चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले मलाचे दोन नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. आणि मोहिमेच्या दिवशी बूथवर पाच वर्षांखालील कोणतेही मूल आणावे, मग ते कोणत्याही प्रांतातले असो. कार्ड नसले तरी तेथे थेंब मिळतात.